वाफेला थांब, पाण्याला जा

गणपतीत मोदक उकडायला ठेवताना आमच्याकडे मोदकपात्राच्या झाकणाला आतून सुती फडकं बांधतात. नाही बांधलं तर झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन खाली टपकते आणि वरच्या थरातल्या मोदकांच्या पाऱ्या चिकट होऊन बसतात. मोदक शिजतो वाफेवर आणि बिघडतोही त्याच वाफेच्या पाण्यानं.

कारखान्यातली अडचण हीच, फक्त भांडं मोठं. बॉयलरपासून मशीनपर्यंत शे-दोनशे मीटर वाफेची लाईन जाते, तिला वाकणं असतात, फाटे असतात आणि प्रत्येक ठिकाणी आत थेंब जमत असतात. तिथं फडकं बांधून भागत नाही. जमलेलं पाणी बाहेर सोडायचं पण त्याच्याबरोबर वाफ जाऊ द्यायची नाही, हे काम एका लोखंडी डबीकडे असतं. काही डब्या मुठीत मावतील एवढ्या, काही नारळापेक्षा मोठ्या. तिचं नाव स्टीम ट्रॅप. इचलकरंजीच्या कुठल्याही सायझिंगमध्ये (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात) किंवा कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये नुसतं 'ट्रॅप' म्हटलं तरी कळतं.

नावानं मात्र फसगत होते. ट्रॅप म्हटलं की वाटतं, पाणी पकडून ठेवत असेल. तो पकडतो वाफेला. पाण्याला वाट देतो, हवेलाही देतो. ना डोळे, ना वीज, ना सेन्सर, तरी समोर आलेली गोष्ट वाफ आहे की पाणी हे तो ओळखतो. मी इतकी वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली, तरी या ओळखण्याचं मला अजून कौतुक वाटतं.

पाणी येतंच कुठून?

घरातलं एक लिटर पाणी गॅसवर ठेवा. उकळी यायला समजा पाच मिनिटं लागली. आता आच तीच ठेवून ते सगळं आटेपर्यंत थांबा. पस्तीस मिनिटं तरी जातील. या पस्तीस मिनिटांत तापमापक १०० अंशांवरून हलत नाही. मग एवढा गॅस जळून गेला कुठं? पाण्याची वाफ करण्यात. १ किलो पाणी शून्यावरून १०० अंशांपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी लागतात, आणि त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ करायला आणखी ५४०. ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात या लपलेल्या उष्णतेचा हिशोब मांडला. शाळेच्या पुस्तकात ती 'अप्रकट उष्मा' या नावानं भेटते आणि दोन मार्कांच्या प्रश्नानंतर बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जाते. बॉयलर असलेल्या कारखान्याचं पोट मात्र तिच्यावरच चालतं.

वाफ थंड पृष्ठभागाला टेकली की ती हे ५४० तिथं टाकते आणि परत पाणी होते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त खोल जातो, तो याच कारणानं. म्हणजे मशीनमध्ये पाणी झालं हा काही बिघाड नाही. वाफेनं उष्णता दिली याची ती पावती आहे. मशीनला दिलेल्या प्रत्येक किलो वाफेमागे एक किलो पाणी तयार होणार, त्यात सूट नाही. या पाण्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो. लाईनीत जे पाणी होतं ते मात्र निव्वळ नुकसान. लॅगिंग, म्हणजे पाईपवरचं उष्णता अडवणारं वेष्टण, कितीही चांगलं असलं तरी थोडी उष्णता बाहेर जातेच, आणि सकाळी थंड लाईनीत पहिली वाफ सोडली की लोखंड तापवण्यातच तिची पाण्याची धार लागते.

७ किलो दाबाच्या (म्हणजे गेजवर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो) वाफेचं तापमान साधारण १७० अंश असतं. त्या दाबाला तयार झालेलं कंडेन्सेटही १७० अंशांचंच असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं ट्रॅपच्या पोटात शिरल्यावर लागणार आहे.

राहू दिलं तर काय होतं?

पहिला त्रास सरळ आहे. वाफ आणि तापवायची वस्तू यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की उष्णता अडते. पोलादापेक्षा पाण्यातून उष्णता सुमारे ऐंशीपट सावकाश जाते. हवा तर त्याहून वाईट. रात्री मशीन बंद झालं, आतली वाफ निवली की तिथं पोकळी होते आणि सांध्यांतून हवा आत ओढली जाते. सकाळी ती तशीच कोंडून राहिली तर तिचा १ मिलिमीटर जाडीचा थर दीड-दोन मीटर जाड लोखंडाइतका अडथळा करतो. प्रेशर गेज बरोबर दाब दाखवत असतो, वाफ आत जात असते आणि मशीन काही तापत नाही. ऑपरेटर बॉयलरवाल्याला शिव्या देतो, बॉयलरवाला ऑपरेटरला.

दुसरा त्रास जिवावरचा आहे. लाईनीत वाफ सेकंदाला पंचवीस-तीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावत असते. खाली साचलेल्या पाण्यावरून ती अशी गेली की पाण्याच्या लाटा उठतात आणि एखादी लाट पाईपच्या माथ्याला टेकली की तिथं पाण्याचा बूच तयार होतो. मागून वाफेचा रेटा असतोच. मग तो बूच बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि पुढच्या वाकणावर नाहीतर व्हॉल्व्हवर आदळतो. सकाळी लाईन चालू करताना धाड-धाड आवाज येतो तो याचा. वॉटर हॅमर.

त्याचा आणखी खुनशी प्रकार म्हणजे थंड पाण्यात कोंडलेली वाफ. १ लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाला १,६०० लिटरच्या वर वाफ होते. उलट बाजूनं बघा: गार पाण्यानं वेढलेला वाफेचा मोठा बुडबुडा क्षणात चिमूटभर पाणी होतो, जागा रिकामी पडते आणि आजूबाजूचं पाणी सगळ्या बाजूंनी तिथं धाव घेऊन एकमेकांवर आपटतं. त्या क्षणाचा दाब लाईनीच्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

१८ जुलै २००७ ला न्यूयॉर्कमध्ये हेच झालं. त्या शहरात १८८२ पासून रस्त्याखालून घराघरांना वाफ पुरवतात. लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू आणि ४१ व्या रस्त्याच्या चौकाखाली १९२४ साली टाकलेली एक लाईन होती. त्या दिवशी जोराचा पाऊस पडला, पाणी जमिनीत मुरून पाईपभोवती साचलं, पाईप बाहेरून गार झाला आणि आत भराभर कंडेन्सेट जमू लागलं. असं पाणी काढायलाच तिथं ट्रॅप बसवलेले होते. पण पूर्वी एका गळक्या सांध्याची दुरुस्ती करताना भरलेल्या सीलंटचे तुकडे आत जाऊन ते ट्रॅप तुंबले होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास, लोक कामावरून सुटण्याच्या वेळेला, पाईप फुटला. चौकात भलं मोठं भगदाड पडलं, वाफेचा लोट शेजारच्या क्रायस्लर बिल्डिंगच्याही वर गेला. एका व्यक्तीचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. चौकशीत दोष निघाला तो त्या तुंबलेल्या ट्रॅपचा.

ओळखतो तरी कसा?

वाफ आणि पाणी यांच्यात ट्रॅपला जाणवतील असे फरक तीनच. पाणी जड, वाफ हलकी. पाणी थंड होऊ शकतं, वाफ तिच्या दाबाच्या तापमानाखाली वाफ राहूच शकत नाही. आणि तिसरा, जरा चमत्कारिक: गरम पाण्याचा दाब एकदम कमी केला तर त्याची पुन्हा वाफ होते. बाजारात ट्रॅप शंभर तऱ्हेचे असले तरी प्रत्येक जण यातली एखादी खूण धरून बसलेला असतो. कुठली खूण धरली आहे यावरून तो कुठं चालेल आणि कुठं दगा देईल ते बहुतेक ठरतं.

वजनावर चालणारा बॉल फ्लोट ट्रॅप समजायला सगळ्यात सोपा. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा त्याच घराण्यातला, फक्त उलट वागणारा. टाकीत पाणी वाढलं की फ्लोट नळ बंद करतो. इथं पाणी वाढलं की पोकळ गोळा वर येतो आणि तळाशी असलेलं तोंड उघडतो. जेवढं पाणी येईल तेवढंच उघडतो, त्यामुळे निचरा सतत चालू राहतो. तोंड कायम पाण्याखाली असल्यानं वाफेला तिथवर पोचता येत नाही. हवा पाण्यावर तरंगत अडकून बसू नये म्हणून वरच्या बाजूला एक छोटा एअर व्हेंट असतो, तो गार हवा असेपर्यंत उघडा आणि वाफ लागली की बंद. मशीनमधून पाणी तयार होताक्षणी बाहेर गेलं पाहिजे अशा जागी मी डोळे झाकून हाच बसवतो. दुखणं एकच: गोळा पातळ पत्र्याचा असतो. वॉटर हॅमरचा एक सणसणीत दणका बसला की त्याला पोचा येतो किंवा तो चिरतो, त्यात पाणी भरतं, तो बुडतो आणि ट्रॅप बंद पडतो.

दणक्याला न घाबरणारा म्हणजे इन्व्हर्टेड बकेट. आतमध्ये बादली उपडी ठेवलेली असते. तिच्याखाली वाफ शिरली की ती तरंगते आणि वरचं तोंड बंद करते. पाणी आलं की बुडते आणि तोंड उघडते. नदीत उपडी घागर दाबून बघितलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. अमेरिकेत मिशिगनच्या आर्मस्ट्राँग कंपनीनं तो १९११ मध्ये आणला, आणि शंभर वर्षांनंतरही त्याच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. बादलीच्या बुडाला एक बारीक भोक असतं, अडकलेली हवा त्यातून निसटते. मात्र बादली बुडण्या-तरंगण्यासाठी आत थोडं पाणी कायम लागतं. ते पाणी उडून गेलं की बादली खाली पडून राहते आणि ट्रॅप सताड उघडा.

तापमानावर चालणारे थर्मोस्टॅटिक ट्रॅप मी पटकन आटोपतो. कुणात पाण्याआधी उकळणारा द्रव भरलेली पातळ डबी असते, ती गरम झाली की फुगून तोंड बंद करते. कुणात दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते. पाणी बरंच निवल्याशिवाय हे उघडत नाहीत. दुसरा पाईप गरम ठेवायला त्याच्याभोवती गुंडाळलेल्या ट्रेसिंग लाईनीला तेवढं चालतं. मशीनला चालत नाही, कारण तोपर्यंत पाणी आत तुंबलेलं असतं.

आता तिसरी खूण, आणि माझा आवडता गडी: थर्मोडायनॅमिक, म्हणजे टीडी ट्रॅप. उघडून बघितलात तर निराशा होईल. टोपी काढली की आत स्टीलची एक गोल चकती, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी आणि जाड. ती सपाट बैठकीवर नुसती ठेवलेली असते. ना स्प्रिंग, ना दांडी. हलणारा भाग काय तो एवढाच. बैठकीच्या मध्यभागी आत येणारं भोक, त्याच्या कडेनं बाहेर जाणारी वाट.

गार पाणी किंवा हवा आली की दाबानं चकती वर उचलली जाते आणि माल बाहेर जातो. मागोमाग गरम कंडेन्सेट येतं. मघाशी म्हटलं ना, ७ किलोचं पाणी १७० अंशांचं असतं. चकतीखालून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो. मोकळ्या हवेत १०० अंशांच्या वर पाण्याला पाणी म्हणून राहता येत नाही, म्हणून जादा उष्णतेनं त्यातल्याच काही भागाची परत वाफ होते. हिला फ्लॅश स्टीम म्हणतात. ७ किलोवरून मोकळ्या हवेत आलेल्या १०० किलो पाण्यातलं साधारण १३ किलो असं वाफ होऊन उडतं.

ही फ्लॅश जागा फार खाते, त्यामुळे चकतीखालचा प्रवाह एकदम वेगवान होतो. वेग वाढला की तिथला दाब पडतो. वळवाच्या वाऱ्यात घरावरचा पत्रा उचलला जातो तो याच कारणानं. वर वारा जोरात, म्हणून वरचा दाब कमी. इथं वेग चकतीच्या खाली, म्हणून चकती खाली ओढली जाते. त्याच वेळी थोडी फ्लॅश कडेनं चकतीच्या वर टोपीत शिरते आणि वरून दाबू लागते. खालचा दाब लागतो तो फक्त मधल्या भोकाएवढ्या जागेवर, वरचा लागतो चकतीच्या सबंध पाठीवर. जागा मोठी असल्यानं कमी दाब असूनही वरचा जिंकतो. टक्! चकती बसते. वाफ येऊन पोचण्याआधीच दार लागलेलं असतं.

ते उघडतं कसं? टोपीतली फ्लॅश हळूहळू निवते, पाणी होते, वरचा दाब ढिला पडतो आणि खालचा दाब पुन्हा चकती उचलतो. साचलेलं पाणी भसकन बाहेर, आणि परत टक्. लाईनीवर सगळं ठीक असेल तर हे मिनिटाला एक-दोनदा, फार तर काही वेळा ऐकू येतं.

पावसाळ्यात उघड्यावरच्या टीडी ट्रॅपची एक गंमत बघायला मिळते. टोपीवर पाणी पडलं की आतली फ्लॅश भराभर निवते, आणि पाणी जमलेलं नसतानाही चकती पुनःपुन्हा उघडते. दर उघडण्याला थोडी वाफ फुकट जाते, चकती आणि बैठक झिजतात. म्हणून त्याच्या टोपीवर घालायला आणखी एक टोपी मिळते. स्वस्त असते, आणि जवळजवळ कुणी बसवत नाही.

सायझिंगमधली गोष्ट

ट्रॅप चांगला असून भागत नाही, जागा आणि जोडणीही बरोबर लागते. हे मला शिकवलं ते एका सायझिंगनं. नाव नको.

सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देऊन वाळवण्याचं काम. हजारो धागे एका चादरीसारखे खळीच्या टाकीतून निघतात आणि ओलेच मोठ्या फिरत्या सिलिंडरांवरून पुढं जातात. सिलिंडरच्या आत वाफ. सूत वाळलं की बीमवर, म्हणजे मोठ्या रिळावर, गुंडाळायचं. तिथली तक्रार होती की सूत ओलसर राहतंय, मशीनचा वेग वाढवता येत नाही. दाब वाढवून पाहिला, खळ पातळ करून पाहिली. पहिल्या सिलिंडरच्या पत्र्यावर लांबून तापमान घेतलं तर तो बाकीच्यांपेक्षा गार. सगळ्यात ओलं सूत ज्याच्यावर पहिल्यांदा येतं, तोच गार!

खाली वाकून पाईप बघितल्यावर कळलं. खर्च वाचवायला सगळ्या सिलिंडरांची पाण्याची तोंडं एका पाईपात जोडून शेवटी एकच ट्रॅप लावला होता. कागदावर दिसायला छान. पण ज्या सिलिंडरवर ओलं सूत येतं त्यात वाफ सगळ्यात जास्त खाल्ली जाते, आणि म्हणून त्याच्या बाहेरच्या तोंडाशी दाब सगळ्यात कमी असतो. पुढच्या, जवळजवळ वाळलेल्या सुताच्या सिलिंडरांमधून जास्त दाबाची वाफ त्या सामाईक पाईपात येते आणि पहिल्याच्या पाण्याला मागं रेटते. ज्याचं पाणी सर्वांत जास्त, त्याचीच वाट बंद.

मग प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅप दिला. फरक पडला, पण पुरता नाही. कारण सिलिंडरचं आणखी एक वेगळं दुखणं असतं. पाणी त्याच्या तळाला आणि बाहेरची वाट मधल्या आसाला, म्हणून आतून सायफन पाईप तळापर्यंत सोडलेला असतो. वाफेचा दाब पाणी त्यातून वर ढकलतो. पाणी संपलं की सायफनमध्ये वाफ शिरते, ट्रॅपपर्यंत पोचते आणि ट्रॅप बंद होतो. इथवर ठीक. पण आता सायफन आणि पुढच्या पाईपात जी वाफ अडकली ती निवणार कधी? तिच्या चहूबाजूंना गरम सिलिंडर आणि वाफच. ती निवत नाही, म्हणून ट्रॅप उघडत नाही, आणि तोवर तळाला पाणी वाढतच राहतं. ट्रॅप त्याच्या परीनं अगदी बरोबर वागत असतो. त्याच्या समोर खरोखर वाफच असते. याला स्टीम लॉक म्हणतात. यासाठी बॉल फ्लोटमध्ये एक बारीक सुईचा व्हॉल्व्ह मिळतो. तो जरासा उघडा ठेवला की अडकलेली वाफ थोडी थोडी निसटत राहते आणि पाठीमागचं पाणी पुढं येतं. तसे ट्रॅप बसवल्यावर आधीपेक्षा कमी दाबात सूत वाळायला लागलं.

या सगळ्याआधी ऑपरेटरनं स्वतःपुरता तोडगा काढलेला होता. त्यानं ट्रॅपचा बायपास, म्हणजे ट्रॅपला वळसा घालून जाणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह, दोन आटे उघडून ठेवला होता. पाणी निघून जात होतं, पाठोपाठ वाफही. त्याला दोष देत नाही. त्याला पैसे सुताचे मीटर मोजून मिळतात, कोळशाचे किलो मोजून नाही.

ओरडणारा आणि गप्प बसणारा

ट्रॅप दोन तऱ्हांनी बिघडतो. बंद अडकला तर मशीन गार पडतं, लाईन धडधडते, लगेच फोन येतो. उघडा अडकला तर सगळं कसं झकास चालतं. मशीन उलट जास्तच लवकर तापतं. फोन येत नाही. येतं ते महिन्याअखेर इंधनाचं बिल, आणि त्या बिलावर ट्रॅपचं नाव नसतं.

किती जातं बघा. ७ किलो दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून ताशी वीस किलोच्या वर वाफ निसटते. आपण वीसच धरू. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३०० दिवस: १४४ टन. १ किलो फर्नेस ऑइलमधून साधारण १३ किलो वाफ मिळते असं धरलं तर एका बिघडलेल्या ट्रॅपमागं वर्षाला ११ टन तेल गेलं. ट्रॅपची किंमत या रकमेपुढं सांगण्यासारखी नसते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं म्हटलंय की ज्या ठिकाणी तीन ते पाच वर्षं ट्रॅपकडं बघितलेलं नसतं, तिथं १५ ते ३० टक्के ट्रॅप बिघडलेले निघू शकतात. मला हा आकडा फुगवलेला वाटत नाही.

बिघडलेला ओळखायचा कसा? ट्रॅपचं तोंड मोकळ्या हवेत सोडलेलं असेल तर डोळ्यांनी दिसतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे. नवखा माणूस पांढरा धूर बघून म्हणतो, वाफ चालली. तो धूर फ्लॅशचा असतो आणि तो निघणारच. पाण्याबरोबर सावकाश, आळसावल्यासारखा फुगत वर जातो. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती जोरानं सुटत असेल तर पाईपच्या तोंडाशी वीतभर जागा स्वच्छ, किंचित निळसर दिसते, पांढरेपणा त्याच्या पुढं सुरू होतो आणि सूं असा एकसुरी आवाज येत राहतो. अशा तोंडासमोर हात नेऊ नका. दिसत नाही म्हणून तिथं काही नाही असं वाटतं, आणि हात भाजतो.

तोंड पाईपात बंद असेल तर कान. पूर्वी, आणि खरं सांगायचं तर आजही, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. टीडी असेल तर टक्, शांतता, टक्. मशीनगनसारखं टकटकटक ऐकू आलं की चकती झिजली. आता ऐकू न येणारा आवाजही टिपणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं मिळतात. नुसत्या तापमानाच्या बंदुकीवर विसंबू नये. गार ट्रॅप सापडला तर तो बंद पडलाय किंवा त्याच्या आधीचा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) तुंबलाय एवढं नक्की कळतं. पण गरम ट्रॅप चांगला की गळका, ते ती सांगू शकत नाही, कारण वाफ आणि तिचं ताजं पाणी यांचं तापमान एकच असतं.

बाहेर आलेल्या पाण्याचंही एक सांगून टाकतो. कित्येक ठिकाणी ते गटारात सोडलेलं बघतो आणि जीव तुटतो. ते मऊ केलेलं, क्षार नसलेलं, नव्वदच्या वर तापलेलं पाणी असतं. बॉयलरच्या टाकीत परत नेलं तर टाकीचं पाणी दर ६ अंशांनी तापताना ढोबळमानानं १ टक्का इंधन वाचतं. साखर कारखान्यात हे पाणी परत नेण्याआधी त्यात रसाचा अंश तर आला नाही ना याची तपासणी करावी लागते, कारण साखर बॉयलरमध्ये गेली तर वेगळंच संकट. सायझिंगच्या सिलिंडरातल्या पाण्याला ती भीतीही नाही.

नवीन ट्रॅप घ्यायला लांब जावं लागत नाही. वाफेच्या सामानातली फोर्ब्स मार्शल आणि थरमॅक्स ही दोन मोठी नावं पुण्याचीच. पण दुकानात जाऊन 'अर्ध्या इंचाचा ट्रॅप द्या' म्हणू नका. पाईपच्या मापावरून ट्रॅप ठरत नाही. आतला दाब किती, बाहेरचा किती, तासाला पाणी किती होतं आणि सकाळी चालू करताना त्याच्या दुप्पट-तिप्पट होतं का, हे चार आकडे घेऊन जा. ट्रॅप बसवाल तेव्हा त्याच्या आधी स्ट्रेनर लावा, बाण प्रवाहाच्या दिशेनं आहे ना बघा, आणि बॉल फ्लोट असेल तर आडवा-उभा नीट ठेवा, नाहीतर गोळ्याला वर-खाली कळणार नाही. मी प्रत्येक ट्रॅपला पत्र्याचा नंबर तारेनं बांधतो आणि वहीत त्याची ओळ ठेवतो. महिन्यातून एकदा सकाळी, मशीनं पूर्ण तापल्यावर, स्क्रूड्रायव्हर आणि वही घेऊन फेरी मारली की चाळीस ट्रॅपना तास-दीड तास पुरतो. बायपासच्या चाकांवरूनही त्याच फेरीत हात फिरवायचा. दर वेळी एखादं तरी दोन आटे उघडं सापडतंच.